हिप-हॉप : उपेक्षितांचे लोकविद्यापीठ

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती महोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून हिप-हॉप या विषयावर बोलण्याचे आम्ही ठरविले तेव्हा काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाबासाहेबांच्या जयंतीला राज्यघटना, धम्म, शिक्षण असे विषय असावेत. हा धांगडधिंगा कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा आक्षेप आम्ही आदराने ऐकला आणि त्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीच हा विषय कायम ठेवला. हे संगीत आपल्या घराघरांत पोहोचलेले आहे. मुलांच्या खोलीच्या बंद दाराआडून ते ऐकू येते, आई-वडील 'आवाज कमी कर' एवढेच म्हणतात आणि संवाद तेथेच संपतो. ज्या गोष्टीने आपल्या मुलांचे मन व्यापले आहे तिची जन्मकथा, तिचे गुण आणि तिचे दोष आपण जाणून घेतले नाहीत, तर त्यांच्याशी आपण कोणत्या भाषेत बोलणार?

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात ब्राँक्स नावाचा विभाग आहे. हिप-हॉपचा जन्म तेथला. तो कसा झाला हे समजण्यासाठी त्या वस्तीला काय भोगावे लागले ते आधी पाहिले पाहिजे. १९३० च्या दशकात या देशाच्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. ज्या वस्त्यांना कर्ज देणे धोक्याचे, त्या लाल रंगाने दाखविण्यात आल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक सर्वत्र याच रंगात गेल्या. आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवणारी भिंत डोळ्यांना दिसत होती. ही भिंत कागदावर होती, पण तिचे काम तेच होते. पुढे १९४८ साली रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार ब्राँक्सच्या मधोमध एक महामार्ग काढण्यास सुरुवात झाली आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. ज्यांना जाणे शक्य होते ते निघून गेले. उरले ते कृष्णवर्णीय, पोर्टोरिकन आणि कॅरिबियन बेटांतून आलेले गरीब लोक.

त्यानंतर आगी सुरू झाल्या. काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारती जाळविल्या. आणि ज्या वर्षांत आगी वाढत होत्या त्याच वर्षांत शहराने काटकसरीच्या नावाखाली गरीब वस्त्यांतील अग्निशमन पथके बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधील ७ जनगणना-विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओस पडून गमावल्या. आणखी ४४ विभागांतील निम्म्याहून अधिक इमारती नाहीशा झाल्या. डेबोरा वॉलेस आणि रॉड्रिक वॉलेस या संशोधक दांपत्याने १९९८ साली एक ग्रंथ लिहून अग्निशमन पथके काढून घेणे, वस्त्या उद्ध्वस्त होणे आणि क्षयरोग व एड्स पसरणे यांतील साखळी दाखवून दिली. आम्ही डॉक्टर मंडळी रोगाचे कारण जंतूत शोधतो. ते शोधलेच पाहिजे. परंतु जंतूला वाट करून देणारा निर्णय अनेकदा एखाद्या कार्यालयात, टेबलावर, सही करून घेतलेला असतो.

लोक मात्र गप्प बसले नव्हते. साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयाची जुनाट इमारत आणि तेथील दुरवस्था यांविरुद्ध यंग लॉर्ड्स या पोर्टोरिकन तरुणांच्या संघटनेने १४ जुलै १९७० रोजी त्या रुग्णालयाचा एक भाग ताब्यात घेतला. रुग्णाला सन्मानाने वागवावे, त्याला त्याच्या रोगाची व उपचाराची माहिती मिळावी, अशी त्यांची मागणी होती. १९७६ साली रुग्णालयाला नवी इमारत मिळाली. रुग्णांच्या हक्कांची जी सनद आज आम्हाला प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर दिसते, तिच्या इतिहासात त्या तरुणांचा वाटा आहे. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये टोळ्यांची भांडणे मिटवायला गेलेल्या ब्लॅक बेंजी या तरुणाचा खून झाला. सर्वांना वाटले, आता रक्तपात होणार. पण त्याच्याच गटाने सूड नाकारला आणि ८ डिसेंबर १९७१ रोजी ब्राँक्समधील टोळ्यांना एकत्र बसवून तह घडवून आणला. वैराने वैर शमत नाही, ही गोष्ट त्या पोरांना कोणी पोथीतून शिकविली नव्हती. तह झाल्यावर एका वस्तीतील मुले दुसऱ्या वस्तीत न भिता जाऊ-येऊ लागली. नव्या संगीताला लागणारी मोकळी जमीन अशी तयार झाली.

आता जन्माची तारीख. ११ ऑगस्ट १९७३. सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीतील सामायिक दालनात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक मेजवानी ठेवली. नवे शालेय वर्ष सुरू होणार होते आणि शाळेसाठी कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून. प्रवेश मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. संगीत वाजविले तिच्या भावाने, क्लाइव्ह कॅम्पबेलने. जग त्याला डीजे कूल हर्क या नावाने ओळखते. हा मुलगा १९५५ साली जमैकात जन्मला आणि १९६७ साली, बारा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कला आला. बंधू-भगिनींनो, हे ध्यानात ठेवा : ज्या कलाप्रकाराला आपण अमेरिकन म्हणतो त्याचा पाया एका स्थलांतरित कुटुंबातील मुलाने, आपल्या बहिणीच्या शाळेच्या कपड्यांसाठी घातला.

त्याने केले काय? एकच तबकडी दोन यंत्रांवर लावली आणि गाण्यातील केवळ तालवाद्यांचा जो लहानसा तुकडा असतो तो या तबकडीवरून त्या तबकडीवर उचलत लांबवीत नेला. त्या तालावर मुले नाचू लागली, ते ब्रेकिंग. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये या नृत्याच्या स्पर्धा झाल्या. त्या तालावर जमैकाच्या चालीने यमकात बोलणे सुरू झाले, तो रॅप. भिंतींवर आणि आगगाडीच्या डब्यांवर आपले नाव रंगवणे, ती ग्राफिटी. तबकड्या वाजविण्याची कला, म्हणजे डीजेगिरी, हे चौथे अंग. पुढे या चळवळीतील लोकांनी स्वतःच त्यात पाचवे अंग जोडले आणि त्याला नाव दिले 'ज्ञान'. १९७५ च्या आर्थिक संकटात न्यूयॉर्कच्या शाळांतून शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आले आणि संगीत व चित्रकलेचे वर्ग आधी गेले. ज्यांच्या हातातून वाद्य काढून घेतले त्यांनी तबकडीचेच वाद्य केले. ज्यांना वर्ग मिळाला नाही त्यांनी रस्त्याचा वर्ग केला.

हे ऐकताना आपल्यातील वडीलधाऱ्यांना जलसा आठवला असेल. तो आठवावा, अशीच आमची इच्छा आहे. हिप-हॉप जलशातून निघाले, असा ओढूनताणून संबंध आम्ही जोडत नाही. ते खरे नाही. परंतु दोन्ही चळवळींच्या वाटा परस्परांना अनोळखी नाहीत. १८७३ साली महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्यातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ हार्लेमच्या कुशीत आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नाव घेतले ते येथल्या ब्लॅक पँथरकडून. आणि आपल्याकडे भीमराव कर्डकांचे जलसे, अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी, वामनदादा कर्डकांची गीते यांनी अक्षर न वाचता येणाऱ्या आयाबहिणींपर्यंत बाबासाहेब पोहोचविले. डफाच्या थापेवर हक्कांची भाषा शिकलेल्या समाजाने ढोलाच्या ठोक्यावर बोलणाऱ्या समाजाला नाक मुरडावे, हे शोभत नाही.

आज तर या दोन वाटा भारतातच एकत्र आल्या आहेत. तमिळ रॅपर अरिवू यांच्या २०२१ साली गाजलेल्या 'एन्जॉय एन्जामी' या गाण्यामागे श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीन परतलेल्या त्यांच्या आजीची कथा आहे. ओडिशातील कोरापुटचे सुमीत सामोस जातीविरुद्ध रॅप रचता रचता ऑक्सफर्डपर्यंत शिकायला गेले. आपली मुले ही नावे जाणतात. आपण जाणतो का?

आता शिक्षणाकडे वळू. १९६५ साली जन्मलेला लॉरेन्स पार्कर हा मुलगा लहान वयात घराबाहेर पडला आणि बेघरांच्या निवाऱ्यात राहिला. ब्राँक्समधील अशाच एका निवाऱ्यात स्कॉट स्टर्लिंग नावाचा तरुण समाजसेवक त्याला भेटला. तो रात्री डीजे म्हणून काम करीत असे. त्या दोघांनी मिळून संगीत रचले. १९८७ साली एक भांडण सोडवायला गेलेल्या स्टर्लिंगचा गोळी लागून मृत्यू झाला. केआरएस-वन या नावाने प्रसिद्ध झालेल्या पार्करने त्यानंतर हिंसा थांबविण्यासाठी सहकारी कलावंतांची मोहीम उभी केली. १९८९ साली निघालेल्या त्यांच्या सामुदायिक गीताचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेला देण्यात आले. आपल्या गीतांतून त्याने शाळेच्या पुस्तकांत न येणारा कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगितला. विद्यापीठांनी या कलेची दखल पुढे घेतली. १९९१ साली हॉवर्ड विद्यापीठात हिप-हॉपवरचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९९४ साली ट्रिशा रोझ यांचा 'ब्लॅक नॉइझ' हा अभ्यासग्रंथ आला. २००२ साली हार्वर्डमध्ये हिप-हॉपचे संग्रहालय उभे राहिले. २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील प्राध्यापक ख्रिस्तोफर एमडिन यांनी रॅपर जिझा यांच्या साह्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत एक उपक्रम चालविला : मुलांनी विज्ञानाचे धडे रॅपमध्ये रचावयाचे आणि त्यांची स्पर्धा घ्यावयाची. यमक जुळविण्यासाठी शब्द हवा, शब्द नेमका हवा, आणि शब्द नेमका हवा असेल तर विषय समजलाच पाहिजे. ज्यांनी पाठांतराने परीक्षा दिल्या आहेत त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आमच्या स्वतःच्या क्षेत्रातील एक उदाहरण आता सांगतो. आजच्या भाषणाचे सार त्यात आहे. पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणे. रक्तवाहिनी तुंबून आलेल्या मोठ्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. परंतु रुग्ण वेळेत येत नाहीत. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तरी घरचे म्हणतात, 'थकवा असेल, जरा पडा, सकाळी बघू.' सकाळपर्यंत सर्व संपलेले असते. कृष्णवर्णीय अमेरिकनांत पक्षाघाताचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. हार्लेममध्ये काम करणाऱ्या डॉ. ओलाजिदे विल्यम्स या मेंदूरोगतज्ज्ञांनी विचार केला की, मोठ्या माणसांना पत्रके वाटून हे होत नसेल तर मुलांमार्फत करू. डग ई. फ्रेश या जुन्याजाणत्या रॅपरच्या साह्याने त्यांनी पक्षाघाताची लक्षणे गाण्यांत व चित्रफितींत बसविली आणि ती चौथी ते सहावीच्या मुलांपर्यंत नेली. फेस, आर्म, स्पीच, टाइम, म्हणजे चेहरा, हात, वाचा आणि वेळ. चारही शब्दांची आद्याक्षरे मिळून 'फास्ट'.

त्यांनी त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. न्यूयॉर्कच्या २२ सार्वजनिक शाळांतील ३,०७० मुले आणि १,१४४ पालक तीत होते. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रमापूर्वी पक्षाघात ओळखून योग्य कृती करण्यास पूर्णपणे सज्ज असलेली मुले होती फक्त २ टक्के. कार्यक्रमानंतर लगेच ती ५७ टक्के झाली. तीन महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. म्हणजे विसर पडतो आणि उजळणी लागते, हेही त्यातून कळले. पालकांपैकी 'फास्ट'ची चारही अक्षरे सांगता येणारे आधी ३ टक्के होते. मुलांनी घरी शिकविल्यावर २० टक्के झाले आणि तीन महिन्यांनंतरही १७ टक्के टिकले. या अभ्यासाच्या काळात चार मुलांनी खरोखरीची लक्षणे ओळखून ९११ ला फोन केला. ती चारही मुले कार्यक्रम पाहिलेल्या शाळांतील होती. त्यांपैकी एका घरात पालक 'थांबू, बघू' म्हणत असताना मुलाने ते न जुमानता फोन केला.

बंधू-भगिनींनो, त्या मुलाचा विचार करा. प्राथमिक शाळेतील पोर वडीलधाऱ्यांचा शब्द मोडून फोन उचलते. ते बळ त्याला एका गाण्याने दिले. शिक्षण म्हणजे दुसरे काय? माणसाला योग्य वेळी योग्य कृती करण्याचे धैर्य मिळावे, याचसाठी तर शिक्षण. हृदयविकार आणि मधुमेह आपल्या दक्षिण आशियाई समाजाला लवकर गाठतात, आणि 'बघू' हा शब्द आपल्याही घरांत फार चालतो. आपली मुले असे काही घरी घेऊन आली, तर ती बोलू शकतील एवढी मोकळीक आपण त्यांना दिली आहे काय?

आता दुसरी बाजू. हिप-हॉपमध्ये सर्व उत्तमच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९७९ साली पहिली लोकप्रिय रॅप तबकडी निघाली आणि व्यापार आत आला. १९८२ च्या 'द मेसेज'ने उद्ध्वस्त वस्तीचे वास्तव साऱ्या जगाला ऐकविले. पण पुढे बंदूक, अमली पदार्थ, सोन्याच्या साखळ्या आणि स्त्रियांची विटंबना यांना बाजारात अधिक भाव आला. हे विष आहे आणि त्याला विषच म्हटले पाहिजे. मात्र त्यावरचा उताराही त्याच कलेतून आला. क्वीन लतीफा या कलावतीने १९९३ साली आपल्या गीतातून स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या शिव्यांना आणि मारहाणीला जाब विचारला, आणि त्या गीताला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तमाशाचा फड पैशासाठी बिघडला म्हणून शाहिरी वाईट ठरत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका; ज्याने अहित होते ते सोडा, ज्याने हित होते ते घ्या. मुलांना या कसोटीवर गाणे पारखायला शिकवा. सरसकट बंदी घातलीत, तर ती तेच गाणे चोरून ऐकतील आणि पारखण्याची शक्ती मात्र त्यांना कधीच येणार नाही.

आणखी एक कटू गोष्ट बोलणे आम्हाला कर्तव्य वाटते. आपल्यापैकी काही कुटुंबांत घर घेताना 'तिकडे काळ्यांची वस्ती आहे' असे सहज म्हटले जाते. मूल कृष्णवर्णीय मित्राला घरी घेऊन आले तर चेहरे बदलतात. ज्यांच्या बापजाद्यांची सावली लोकांना चालत नव्हती त्यांच्या तोंडी ही भाषा? आपल्यासारख्या भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना या देशाचे दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापविलेल्या वातावरणात झाला. ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, त्यांच्या पुण्याईवर आपण येथे घर बांधले आहे. त्यांच्या मुलांनी रचलेले गाणे आपल्या मुलांच्या कानी पडते, तेव्हा ते ऋण निदान मान्य तरी करावे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक पालकाने या महिन्यात मुलाजवळ बसून त्याच्या आवडीचे एक गाणे शब्दांसह ऐकावे आणि त्याचा अर्थ त्याच्याकडून समजून घ्यावा. बदल्यात वामनदादांचे एक गीत त्याला अर्थासह ऐकवावे. दुसरी, पुढील जयंतीला भाषणांच्या वेळेतून अर्धा तास काढून तो मुलांना द्यावा. बाबासाहेबांविषयी, जातीविषयी, शाळेत सोसलेल्या अपमानाविषयी त्यांना जे म्हणायचे असेल ते त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या तालावर म्हणावे. अट एकच : अभ्यास करून म्हणावे आणि कोणाची विटंबना करू नये. तिसरी, चेहरा, हात, वाचा आणि वेळ हे चार शब्द आजच पाठ करावेत. सभागृहाबाहेर पडण्यापूर्वी मुले ते आपल्या आई-वडिलांकडून वदवून घेतील, ही जबाबदारी आम्ही त्यांच्यावर सोपवीत आहोत.

मुलांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्याशी. ज्या चळवळीचा ताल तुम्हाला आवडतो, तिने ज्ञानाला आपले पाचवे अंग मानले आहे. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द पहिला ठेवला. तुमच्या कानात वाजणारे आणि तुमच्या आजोबांनी कंदिलाच्या उजेडात जलशात ऐकलेले, दोन्ही एकच सांगतात : मान ताठ ठेवा, स्वतःचे नाव स्वतः उच्चारा आणि मागे राहिलेल्याचा हात सोडू नका. ताल तुमचा असू द्या; शब्दांमागे अभ्यास असू द्या.



जयभीम! नमो बुद्धाय!